लालबाग-परळने कुणाकुणाला निवडून दिलं!

निवडणुकीचा निकाल शाळेतल्या एकेका खोलीपर्यंत वाचता येतो, तोही घरबसल्या, फुकट, कुणाची ओळख न काढता! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटले आहे. ज्या तक्त्यात तो वाचता येतो, त्याला फॉर्म २० म्हणतात. मतमोजणी आटोपली की निवडणूक निर्णय अधिकारी तो भरतो. डावीकडे मतदान केंद्रांचे क्रमांक, वर उमेदवारांची नावं आणि प्रत्येक चौकटीत त्या केंद्रावर त्या उमेदवाराला पडलेली मतं. शेवटच्या रकान्यांत नोटा आणि बेरजा. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघवार हे तक्ते ठेवलेले आहेत. पक्षांच्या कार्यालयात ते पाठ असतात. मतदार असून मी मात्र ते कधी पाहिलेही नव्हते!

मी लग्न होऊन लालबागला आले. आमचा विधानसभा मतदारसंघ शिवडी: लालबाग, परळचा भाग, काळाचौकी, कॉटन ग्रीन, शिवडी. एका रविवारी मी शिवडीचा फॉर्म २० उघडला आणि शेजारी मतदार यादी ठेवली. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्यात कोणत्या गल्ल्या, कोणत्या चाळी, कोणत्या इमारती येतात ते लिहिलेलं असतं. पुढे एक नजरी नकाशाही असतो, हाताने काढल्यासारखा, शाळा-देऊळ-रस्ता दाखवणारा. हे दोन कागद शेजारी ठेवले आणि आकडे एकदम बोलू लागले. अरे, ही तर आमची गल्ली! ही समोरची म्हाडाची वसाहत! हा नवा टॉवर, जिथे गिरणीचा भोंगा वाजायचा! एकाच महापालिका शाळेतल्या दोन खोल्या, मधे फक्त एक जिना, आणि एका खोलीत पहिला असलेला उमेदवार दुसऱ्या खोलीत मागे. रोज ज्या रस्त्याने भाजीला जाते, त्या रस्त्याच्या दोन बाजू दोन तऱ्हेने विचार करतात, हे मला त्या दिवशी प्रथम दिसलं.

मी धावतच सासऱ्यांकडे गेले. ते गिरणीत होते, १९८२च्या संपाआधीच्या पिढीतले. मी म्हटलं, "बाबा, हे बघा, आपल्या शाळेतल्या केंद्राचा निकाल!" त्यांनी चष्मा लावला, बोटाने ओळ धरली आणि म्हणाले, "ही आपली पेटी. आणि ही वरच्या चाळीची. कुठल्या पेटीतून लीड मिळाला, हे गटप्रमुखाला मोजणीच्या संध्याकाळीच ठाऊक असतं गं." आणि मग त्या एका तक्त्यावरून ते जे मागे मागे जात राहिले, त्याने माझी झोपच उडाली. कारण ते सांगत होते ते सगळं निवडणूक आयोगाच्या १९५२ पासूनच्या अहवालांत, जुन्या वर्तमानपत्रांत, पुस्तकांत सापडत होतं. मी शोधत गेले आणि मला माझी वस्ती नव्याने भेटली.

आधी जुन्या निकालांतला एक फरक सांगायला हवा. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक पेट्यांतल्या पत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची पद्धत होती, म्हणजे कोणत्या वस्तीने कुणाला मत दिलं हे विजयी उमेदवाराला कळू नये. इलेक्ट्रॉनिक यंत्रं आल्यावर प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा दिसू लागला. २००४ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. म्हणून गल्लीपर्यंतचं चित्र अलीकडचं आहे. त्याआधीचं वाचायचं ते मतदारसंघाच्या पातळीवर, आणि मतदारसंघांच्या सीमा वेळोवेळी बदलल्या आहेत हे लक्षात ठेवून. पण तेवढ्यातही काय काय आहे!

सुरुवात १९५२ पासून. काही मतदारसंघांतून तेव्हा दोन खासदार निवडून द्यायचे असत, एक सर्वसाधारण जागेवर, एक राखीव जागेवर, आणि मतदाराला दोन मतं असत. मुंबई शहर उत्तर हा तसाच मतदारसंघ. तिथे राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवलं. ज्यांनी ऐन उमेदीची वर्षं परळच्या बीआयटी चाळीत काढली, ते बाबासाहेब मुंबईत हरले! आंबेडकरांचे समर्थक आणि कम्युनिस्ट यांच्यात त्या निवडणुकीत कडाक्याचं वैर होतं.

आणि आता पाच वर्षं पुढे या. १९५७. मधे संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला, फ्लोरा फाउंटनला गोळीबार झालेला, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या आवाजाने कामगार मैदानं भरून गेलेली. मुंबई शहर मध्य, पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ. निवडून कोण आले? सर्वसाधारण जागेवर कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे आणि राखीव जागेवर शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे जी. के. माने! कालपर्यंत एकमेकांच्या विरोधात उभे असलेले दोन पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली आले आणि मतदारांनी दोघांनाही दिल्लीला पाठवलं. मी ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आघाडी, युती, मतांची अदलाबदल हे शब्द आज रोज कानावर पडतात. पण मुंबईने हे १९५७ मध्येच करून दाखवलं होतं, तेही मराठी राज्याच्या मागणीसाठी. त्याच लाटेत समितीने महापालिकाही घेतली आणि पुढच्याच वर्षी एस. एस. मिरजकर हे कम्युनिस्ट पुढारी मुंबईचे महापौर झाले.

राज्य मिळालं आणि प्रश्न बदलला. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. १९६८च्या महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाशी युती करून तिने ४२ जागा जिंकल्या, संघटना दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा! परळचे आमदार त्या वेळी कृष्णा देसाई होते, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे, चाळीचाळीत माणसं जोडलेले. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये त्यांचा खून झाला. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली. एका बाजूला देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक सुमारे १,७०० मतांनी निवडून आले आणि शिवसेनेचे पहिले आमदार झाले. माझे आजेसासरे तेव्हा रात्रपाळीवर होते. ते सांगत, सासरे म्हणाले, की त्या दिवशी एकेका घरात दोन मतं पडली. बाप लाल बावट्याकडे, पोरगा शिवसेनेच्या शाखेकडे, आणि संध्याकाळी दोघं एकाच ताटाला जेवायला बसले.

इथवर आलं की बहुतेक जण गोष्ट संपवतात: लाल गिरणगाव भगवं झालं. मीही हेच ऐकत आले होते. पण पुढचं पान उलटा! जानेवारी १९७४. मुंबई मध्य लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक. काँग्रेसचे उमेदवार बॅरिस्टर रामराव आदिक आणि त्यांना शिवसेनेचा पाठिंबा. दलित पँथरने बहिष्काराची हाक दिलेली. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींजवळच्या पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली, पुढे मोर्चात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. आणि निकाल? कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे विजयी! डांग्यांच्या कन्या! सव्वातीन वर्षांपूर्वी ज्या शहराने शिवसेनेला पहिला आमदार दिला, त्याच शहराच्या कामगार वस्त्यांत शिवसेना आणि काँग्रेस एका बाजूला असतानाही लाल बावटा जिंकला. हे वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले.

हे असं कसं, याचं उत्तर मला गिरण्यांतच सापडलं. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन वाटाघाटी करू शकत होती. कापड गिरण्यांत ती मान्यता होती काँग्रेसशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. म्हणजे बोनसची बोलणी संघ करणार, मोर्चा मात्र गिरणी कामगार युनियनचा, ही १९२८ सालची, लाल बावट्याची. आणि चाळीत नळाला पाणी येत नसेल, पोराला नोकरी लागत नसेल, कुणाला रात्री केईएमला न्यायचं असेल तर दार ठोठावायचं शाखेचं. सातारा-सांगलीकडचा घाटी असो वा रत्नागिरीचा कोकणी, गिरणगावातल्या माणसाने आयुष्याचे हे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या झेंड्यांकडे सोपवले होते, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं. मत देताना तो एवढंच बघत होता की या निवडणुकीत आपल्या आयुष्यातला कोणता भाग पणाला लागला आहे.

१९८२ पासूनचे निकाल या चष्म्यातून बघा, एकेक उलगडत जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. घरातली भांडी विकली गेली, माणसं गावाला परतली, पोरं हाताला येईल ते करू लागली. माझ्या सासूबाई तेव्हा खानावळीच्या पोळ्या लाटत होत्या. सामंतांबद्दल आजही या घरात आवाज चढवून वाद होतो. पण डिसेंबर १९८४ची लोकसभा बघा! इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला, आणि त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्यमधून अपक्ष म्हणून निवडून आले दत्ता सामंत. देश एकीकडे वाहत असताना, हरत चाललेल्या संपातली माणसं आपल्या डॉक्टरांना संसदेत पाठवत होती! आणि काहीच महिन्यांनी, १९८५ मध्ये, मुंबई महापालिका शिवसेनेने प्रथमच स्वबळावर घेतली, छगन भुजबळ महापौर झाले. संसदेत संपाचा नेता, पालिकेत शाखेचा माणूस. पोटाचा प्रश्न दिल्लीला पाठवला, नळाचा प्रश्न पालिकेत. १९८९ मध्ये दक्षिण मध्यची जागाही वामनराव महाडिकांकडे गेली आणि १९९१ पासून मोहन रावले तिथून सलग पाच वेळा जिंकले. संप मोडला होता, गिरण्यांची धुरांडी एकेक करून थंड होत होती. आता वस्तीत टिकून राहण्याचा प्रश्न होता, आणि त्याला शाखा उत्तर देत होती.

पण तेव्हाही ही वस्ती कुणाच्या खिशात नव्हती! शेजारच्या माझगावने १९८५ आणि १९९० मध्ये भुजबळांना शिवसेनेचे आमदार केलं. भुजबळांनी पक्ष सोडला, आणि १९९५ मध्ये त्याच माझगावने शिवसेनेच्या नवख्या बाळा नांदगावकरांकरवी त्यांना हरवलं. १९९९ आणि २००४ मध्ये, रावले खासदार असताना, शिवडीने विधानसभेत राष्ट्रवादीचे सचिन अहिर पाठवले. आणि २००४ मध्ये चिंचपोकळीने दगडी चाळीचा डॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरुण गवळीला आमदार केलं. हा निकाल आवडो वा न आवडो, तो तिथल्या मतदारांचा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर बंद गिरण्यांच्या आसपासची बेकारीची वर्षं समजून घ्यावी लागतात.

मग २००९. मतदारसंघांची फेररचना झाली आणि आमची शिवडी दक्षिण मुंबई लोकसभेत गेली, मलबार हिल-कुलाब्याबरोबर! मे महिन्यात काँग्रेसचे मिलिंद देवरा २.७२ लाख मतं मिळवून निवडून आले. दुसरे कोण? आता मनसेचे झालेले तेच बाळा नांदगावकर, जवळपास १.६० लाख. तिसरे शिवसेनेचे मोहन रावले, १.४६ लाख. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त. पुढे ऑक्टोबरमध्ये शिवडीने नांदगावकरांना आमदार केलं. २०१४ मध्ये शिवसेनेच्या अजय चौधरींनी त्यांनाच सुमारे ४२ हजारांनी हरवलं. आणि २०२४ मध्ये, शिवसेना फुटलेली असताना, पुन्हा हेच दोघे समोरासमोर. चौधरी जिंकले, पण फरक सात हजारांच्या आसपास. दहा वर्षांत ४२ हजारांवरून सात हजार! पूर्ण मतदारसंघातल्या केंद्रांत तो वाटला तर एका खोलीमागे काही डझन मतांच्या आत येतो. म्हणजे एका चाळीतली दोन-चार मोठी कुटुंबं. फॉर्म २० हातात धरून हे मोजलं तेव्हा माझं एक मत किती वजनाचं आहे ते मला पहिल्यांदा समजलं.

आणि आता टॉवर. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारतींचेही स्वतंत्र यादी भाग आहेत, २०२४ मध्ये तर मुंबईत अनेक उंच इमारतींत आणि सोसायट्यांतच मतदान केंद्रं उघडली गेली. एकाच मतदारसंघात गणपतीची वर्गणी गोळा करणारी गल्ली आणि दारावर सुरक्षारक्षक असलेली सोसायटी शेजारी-शेजारी मत देतात. गल्लीत मतदानाच्या दिवशी सकाळी सातला टेबलं लागतात, चिठ्ठ्या लिहिल्या जातात, दुपारी दोनला कार्यकर्ता दारात उभा राहून विचारतो, "वहिनी, झालं का मतदान? आजींना खाली आणू का खुर्चीवर?" सोसायटीत असं कुणी वरपर्यंत पोचत नाही. पुढच्या दहा वर्षांत या वस्तीचं मत कसं बदलेल ते ठरवणारी रेषा इथेच आहे, आणि ती रेषा फॉर्म २०च्या ओळींत दर निवडणुकीला दिसत राहणार आहे. ज्याला मुंबई समजून घ्यायची आहे त्याने पर्यटनाचे नकाशे ठेवून द्यावेत आणि हा तक्ता घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

यात एक काळजीही आहे आणि ती मी सांगितलीच पाहिजे. मत गुप्त असतं ते माणसाचं. पण हजार-बाराशे मतदारांच्या केंद्राचा आकडा उघड झाला की वस्तीचं मत उघड होतं. "तुमच्या पेटीत आम्हाला मतं नाहीत, मग गटाराचं काम कसं करू?" असं म्हणायची सोय होते. म्हणूनच अनेक यंत्रांचे आकडे एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला होता. तो अमलात आला नाही. हा प्रश्न खरा आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे: आकडे एकत्र मोजले जाणार असतील तर सगळ्यांसाठी मोजावेत, पण जोवर ते खोलीगणिक छापले जात आहेत तोवर ते फक्त पक्षांनीच वाचायचे, हे चालणार नाही. गटप्रमुखाला जे माहीत आहे ते मतदारालाही माहीत हवं. कुणी कमी मतांचा हिशेब दाखवून काम अडवलं, तर तोच कागद हातात घेऊन आपण विचारू शकतो: शेजारच्या पेटीत तुम्हाला भरभरून मतं होती, तिथलं गटार तरी झालं का?

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे सगळं वाचल्यावर आपल्या वस्तीविषयीचा अभिमान बदलतो. लालबाग-परळ लाल होतं, भगवं झालं, अमक्याचं आहे, तमक्याचं आहे, असं बाहेरची माणसं बिनदिक्कत बोलतात. निकाल काही वेगळंच सांगतात. समितीचे डांगे आणि माने, शिवसेनेचे महाडिक, लाल बावट्याच्या रोझा देशपांडे, अपक्ष सामंत, राष्ट्रवादीचे अहिर, मनसेचे नांदगावकर, पुन्हा शिवसेनेचे चौधरी. इतक्या वेगळ्या माणसांना मत देणारी वस्ती गोंधळलेली नाही. प्रत्येक वेळी समोरचा प्रश्न ओळखून मत देणारी आहे.

तेव्हा तुम्हीही हे कराच. तुमची वस्ती ठाण्यातली असो, कसबा पेठेतली असो, नागपूरच्या महालातली असो की कोल्हापूरच्या एखाद्या पेठेतली. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जा, गेल्या विधानसभेचा फॉर्म २० काढा, तुमच्या यादी भागाचं पहिलं पान शेजारी ठेवा आणि तुमच्या शाळेची ओळ शोधा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की त्यांनी पहिलं मत कुणाला दिलं होतं, आणि का. पुढच्या निवडणुकीत मत मागायला कुणी दारात आलं, तर त्याच्याशी बोलण्याआधी तुमच्या पेटीचा आकडा तुम्हाला पाठ असला पाहिजे. त्याला तो पाठ असतोच.